छातीत धडधड, पण दाखवायचं कुणाला?

डोंबिवलीच्या फलाटावर लोकल शिरताना छाती धडधडते, तळव्यांना घाम फुटतो. ईसीजी मात्र नॉर्मल! हा चिंताविकार असू शकतो. मग दाखवायचं कुणाला? मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर; गरज पडल्यास ते औषधं देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकलेले, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेले. ते चाचण्या घेतात, बोलून उपचार करतात. दोन्ही क्षेत्रांतली माणसं आपल्याकडे आहेत: ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत नेली मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. पहिल्याच भेटीत शिक्षण आणि नोंदणी बेलाशक विचारा. फोनवर मोफत सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे १४४१६.