नागपूरचे तीन रघूजी

नातवास आजोबांचें नांव ठेवावें, ही आपल्याकडील घरोघरची रीत आहे. साध्या गृहस्थाच्या घरीं त्यामुळें फार तर टपालांतील पत्र भलत्याच्या हातीं पडतें. राजकुळांत मात्र नांवाच्या पाठोपाठ दौलत येते. परदेशांतहि असेंच घडलें आहे. मध्ययुगांत डेन्मार्कच्या गादीवर व्हाल्डेमार नांवाचे चार राजे होऊन गेले. त्यांपैकीं पहिल्यास हें नांव त्याच्या आईचे आजोबा, कीव्हचे व्लादिमीर मोनोमाख, यांच्यावरून मिळालें. आणि आजोळाहून आलेलें हें परकें नांव पुढें डॅनिश राजवैभवाचें नांव होऊन बसलें.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यांत तो मान रघूजी या नांवास मिळाला. पहिले रघूजी हे या राज्याचे खरे संस्थापक. छत्रपति शाहू महाराजांकडून त्यांस सेनासाहेबसुभा हें पद मिळालें. नागपूर त्यांची राजधानी झाली. १७४२ पासून त्यांच्या फौजा बंगाल्यांत शिरल्या आणि १७५१ च्या तहानें ओरिसा प्रांत व बारा लक्ष रुपयांची चौथ पदरांत पडली. १७५५ सालीं ते वारले.

त्यांचे पुत्र जानोजी यांस संतति नव्हती. त्यांनीं आपला भाऊ मुधोजी यांचा मुलगा दत्तक घेतला; त्याचें नांव आजोबांचेंच, रघूजी. १७७२ त जानोजी वारल्यावर या बालकाच्या नांवानें कारभार कोणीं करावा, यावरून मुधोजी व साबाजी या भावांत यादवी माजली. १७७५ त पांचगांवच्या लढाईंत साबाजी मारले गेले, तेव्हां हा वाद मिटला. दुसऱ्या रघूजींच्या कारकीर्दींत असई व आडगांव येथें पराभव झाले. १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड हातचें गेलें. थोरल्या रघूजींनीं मिळविलेला ओरिसा त्यांच्याच नांवाच्या नातवाच्या हातून सुटला.

१८१६ त दुसरे रघूजी निवर्तले. त्यांचे पुत्र परसोजी यांचें नांव मूळ पुरुषाचें. पण वर्ष पुरें होण्याआधींच ते मृतावस्थेंत आढळले. मग गादीवर आले आप्पासाहेब. त्यांचें खरें नांवहि आजोबांचें, मुधोजी. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशीं झालेल्या लढाईनें त्यांचें राज्य संपलें.

यानंतर १८१८ त जें झालें तें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. दुसऱ्या रघूजींच्या कन्येचा मुलगा बाजीबा यास परसोजींच्या पत्नीच्या मांडीवर दत्तक देण्यांत आलें, आणि त्याचें नांव बदलून रघूजी ठेवण्यांत आलें. मुलगा दुसऱ्या कुळांतला. परंतु नांव मिळतांच तो भोसले झाला. कंपनी सरकारासहि तें मान्य होतें, कारण राजा अज्ञान आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्स यांच्या हातीं होता.

तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध पत्नी बांकाबाई व राण्या यांनीं जुन्या वहिवाटीप्रमाणें नात्यांतील यशवंतराव अहेर या मुलास दत्तक घेऊन त्याचें नांव जानोजी ठेवलें. विधि तोच, नांवहि घराण्यांतलेंच. पण लॉर्ड डलहौसी यांनीं तें मानलें नाहीं. १८१८ त हें राज्य कंपनीनेंच दिलें होतें, तेव्हां तें परत घेण्याचा तिला अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८५४ त राज्य खालसा झालें. वाड्यांतील जडजवाहीर कलकत्त्यास लिलावांत निघालें.

रघूजी पहिले, दुसरे, तिसरे हे क्रमांक इतिहासकारांनीं सोयीसाठीं लावले. त्या कुळाच्या दृष्टीनें हें मोजदाद करण्याचें नांव नव्हतें. गेलेला पुरुष पुन्हां घरांत आला, अशी ती श्रद्धा होती. परक्या सत्तेनें ती श्रद्धा सोयीची होती तोंवर मानली आणि गैरसोयीची होतांच कागदावर खोडून टाकली. तीन रघूजींच्या वृत्तांतांत नागपूरच्या राज्याचा उदय, उतार आणि अस्त हे तिन्ही आले आहेत.