मधल्या फळींतला माणूस : फोर्तुनातो फ्रँको

फुटबॉलचा सामना पाहून घरीं परतणाऱ्या माणसास विचारावें कीं, आज काय पाहिलें, तर गोल कोणी केला हें तो तत्काळ सांगेल. गोलरक्षकानें कोणता चेंडू अडविला हेंही त्याच्या स्मरणांत असेल. परंतु मधल्या फळींतील हाफबॅकनें दीड तास काय केलें, हें त्यास बहुधा सांगतां येणार नाहीं. वास्तविक चेंडू सर्वांत अधिक वेळ जेथें फिरतो ती जागा ह्याच माणसाची. प्रतिपक्षाची चाल मोडावयाची ती त्यानें, मोडलेल्या चालींतून आपली चाल उभारावयाची तीही त्यानें. आणि चाल यशस्वी झाली म्हणजे टाळ्या पडावयाच्या त्या पुढच्यासाठीं. खानदेशांतील श्रोत्यांना ह्याचा दाखला घरच्याच शेतांत सांपडेल. केळीच्या बागेंत पूर्वी मोट हांकणारा दिसे, त्याचें गाणें ऐकूं येई. बाजारांत घड दिसे आणि त्याचा भावही होई. पण पाटाशीं वांकून, पायांनीं चिखल तुडवीत, एका सऱ्यांतलें पाणी दुसरींत वळविणारा, दारें धरणारा गडी कोणाच्या दृष्टीस पडत नसे. बाग मात्र त्याच्याच हातावर जगे.

भारताच्या फुटबॉलमध्यें अशीं दारें धरणारा एक माणूस गोव्याच्या मातींत जन्मला आणि मुंबईच्या मैदानांवर वाढला. त्याचें नांव फोर्तुनातो फ्रँको. लॅटिन वंशाच्या ह्या नांवाचा अर्थ ‘भाग्यवान’ असा आहे. तें नांव कितपत सार्थ ठरलें, हें त्यांची कारकीर्द पाहून ज्यानें त्यानें ठरवावें.

फ्रँको यांचें मूळ गांव बार्देस तालुक्यांतील कोलवाळ. बार्देसचीं अनेक कुटुंबें त्या काळीं पोटापाण्यासाठीं मुंबईस येत, तसेंच हें कुटुंबही आलें. गोव्यावर तेव्हां पोर्तुगिजांची सत्ता होती. ह्या गोष्टीचा विशेष पुढें ध्यानांत येतो: १९६० सालीं रोम येथील ऑलिंपिकसाठीं भारताचा संघ निघाला, तेव्हां त्यांत फ्रँको यांची निवड झाली होती, परंतु ज्या गांवीं त्यांचा जन्म झाला तें गांव त्या दिवशीं भारताच्या नकाशांत नव्हतें. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजीं. म्हणजे गोव्याच्या आधीं गोव्याचा हा पुत्र भारताचा झाला होता.

रोम येथें भारतानें फ्रान्सशीं १–१ अशी बरोबरी केली, आणि हंगेरीकडून १–२ व पेरूकडून १–३ असा पराभव पत्करला. ह्या तिन्ही सामन्यांत फ्रँको यांना मैदानावर उतरण्याची संधि मिळाली नाहीं. सामना चालूं असतां बदली खेळाडू घेण्याची आजची सोय तेव्हां नव्हती. पहिल्या अकरांत नांव नसलेल्यानें बाहेर बसून पाहावें, एवढेंच त्याच्या हातीं असे. ऑलिंपिकपटू ही उपाधि मिळाली ती अशी. तरुण खेळाडूस हें किती जाचत असेल तें सांगावयास नको. परंतु बसून पाहणें हेंही हाफबॅकचें एक शिक्षण आहे, आणि दोन वर्षांनीं जें घडलें त्यावरून तें वायां गेलें असें वाटत नाहीं.

मुंबईंतील त्या वेळच्या फुटबॉलची व्यवस्था येथें थोडी समजून घेतली पाहिजे. इंग्लंड व वेल्स येथें खेळाडू हा क्लबचा पगारी नोकर असे. त्याच्याही पगारास मर्यादा होती. १९६१ च्या जानेवारींत ती उठेपर्यंत केवढाही नामांकित खेळाडू असला तरी आठवड्यास २० पौंडांहून अधिक वेतन त्यास देतां येत नसे. भारतांत मात्र उघड धंदेवाईक खेळाडू ही जातच मान्य नव्हती, आणि ऑलिंपिकचे नियमही तशा खेळाडूस दार बंद करीत. म्हणून रेल्वे, गिरण्या, तेल कंपन्या आणि मोठे कारखाने आपापले संघ ठेवीत, खेळाडूस कचेरींत नोकरी देत, आणि तो कूपरेजच्या मैदानावर संस्थेसाठीं खेळे. सकाळीं सराव, दुपारीं कचेरी, सायंकाळीं सामना असा त्याचा दिवस असे. फ्रँको यांनीं मुंबईंत पश्चिम रेल्वे व टाटा स्पोर्ट्स क्लब ह्या संघांसाठीं खेळून नांव मिळविलें. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगांवास येणारा लोहमार्ग ह्याच पश्चिम रेल्वेचा. तेव्हां खानदेशाचें आणि ह्या संघाचें, दूरचें कां होईना, नातें जुळतें. ही व्यवस्था वाईट होती असें म्हणतां येणार नाहीं. तिनें शेंकडों गरीब घरांतील मुलांना कायमची नोकरी दिली, आणि पाय थकल्यावरही चूल पेटती राहिली. मात्र पायांचा विमा तिच्यांत नव्हता.

आतां १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांकडे वळूं.

संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे शाळामास्तर. खेळाची रचना बदलण्याचें त्यांचें धाडस त्या काळांत मोठेंच म्हटलें पाहिजे. पूर्वीच्या पद्धतींत मधल्या फळींत तीन हाफबॅक असत. ब्राझीलनें १९५८ सालीं ज्या रचनेवर जागतिक करंडक जिंकला, तींत बचावाला चार, पुढें चार आणि मध्यें अवघे दोन. रहीम यांनीं ह्या रचनेचा अंगीकार केला. आतां हिशेब करावा : मोठ्या सामन्याचें मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद. एवढ्या रुंदीस दोन माणसें. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास चौतीस मीटरांची पट्टी, आणि ती केवळ आडवी राखून भागत नाहीं. पुढच्या चौघांच्या मागें धांवावयाचें आणि चाल फसली कीं लगेच बचावाच्या पुढें येऊन उभें राहावयाचें. आजच्या काळांत खेळाडूंच्या धांवण्याचें यंत्रानें मोजमाप होतें, त्यांत मधल्या फळींतला खेळाडू एका सामन्यांत सुमारें १० ते १२ किलोमीटर अंतर तोडतो असें आढळतें. धुळ्याच्या मैदानावर सायंकाळीं चार फेऱ्या मारून दम लागणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत घ्यावा! दोघांतला एक जरी अर्धें पाऊल आळसला तरी रचना कोसळते. ह्या दोन जागांपैकीं एक फ्रँको यांची होती.

पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास ०–२ असें हरविलें. पुढें थायलंडवर ४–१ व जपानवर २–० असे विजय मिळाले. परंतु थायलंडशीं खेळतांना बचावाचा आधारस्तंभ जर्नैल सिंग यांचें डोकें फुटलें आणि टांके घालावे लागले. रहीम यांनीं त्यांना मागें न ठेवतां थेट पुढें, सेंटर फॉरवर्डच्या जागीं खेळविलें. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशीं. तो ३–२ असा कसाबसा जिंकला. अंतिम सामन्यांत पुन्हा दक्षिण कोरिया समोर.

४ सप्टेंबर १९६२ चा तो दिवस फुटबॉलपुरता राहिला नव्हता. इस्राएल व तैवान यांना यजमानांनीं स्पर्धेस येऊं दिलें नाहीं, ह्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनीं आक्षेप घेतला होता. ह्या स्पर्धांना मग ‘आशियाई’ हें नांव शोभत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें म्हणणें न्यायाचें होतें, पण त्याचें फळ भोगावें लागलें तें खेळाडूंना. जकार्ता येथें भारताविरुद्ध जमाव चवताळला, भारताच्या वकिलातीवर हल्ला झाला. सामन्यास सुमारें एक लाख प्रेक्षक जमले होते आणि भारताच्या प्रत्येक स्पर्शास ते हुर्यो देत होते. त्या जनसागरांत भारताच्या बाजूनें ओरडणारे कोण, तर पाकिस्तानचे हॉकीपटू! राजकारणाच्या इतिहासांत ही गोष्ट कोणी नोंदणार नाहीं. निदान खेळाच्या इतिहासांत तरी ती राहावी.

सतराव्या मिनिटास प्रदीपकुमार बॅनर्जी यांनीं पहिला गोल केला, विसाव्यास जर्नैल सिंग यांनीं दुसरा. त्यानंतर एका तासाहून अधिक वेळ उरला होता. वर्तमानपत्रांतील वृत्तांत अशा ठिकाणीं एका ओळींत संपतात : भारतानें आघाडी टिकविली. परंतु ती टिकविणें म्हणजे काय, हें मधल्या फळीस ठाऊक. कोरियाचे खेळाडू चपळ आणि न थकणारे. लाख लोकांचा आवाज त्यांच्या पाठीशीं. कर्णधार चुनी गोस्वामी व तुळसीदास बलराम हे पुढें चेंडूची वाट पाहत असलेले. अशा वेळीं हाफबॅकनें चेंडू घाईनें दूर भिरकावला तर तो क्षणार्धांत परत येतो. पायांशीं धरून ठेवला तर हिरावला जातो. घ्यावा, मान वर करून पाहावें, योग्य माणसास द्यावा आणि पुन्हा मोकळ्या जागीं जाऊन उभें राहावें, हें काम घटकाभरांत कितीदां करावें लागतें त्याची कोणी नोंद ठेवली नाहीं. कोरियाचा एकमेव गोल झाला तो अगदीं शेवटीं, पंच्याऐंशीव्या मिनिटास. भारत २–१ असा विजयी झाला. १९५१ सालीं दिल्ली येथें मिळालेल्या सुवर्णपदकानंतरचें हें दुसरें. आणि पुरुषांच्या फुटबॉलमध्यें तिसरें अद्यापि मिळालेलें नाहीं.

रहीम यांना त्या वेळीं कर्करोगानें ग्रासलें होतें. ११ जून १९६३ रोजीं ते निवर्तले.

फ्रँको यांची पुढचीं दोन-तीन वर्षें भरभराटीचीं गेलीं. महाराष्ट्राच्या ज्या संघानें १९६४ सालीं संतोष चषक जिंकला त्यांत ते होते, आणि मलेशियांतील मर्डेका स्पर्धेंतही भारताकडून खेळले. खेळाडूची समज परिपक्व होते आणि पायांची शक्ति ओसरलेली नसते, असा जो थोडा काळ असतो त्या काळांत ते होते. नेमक्या त्याच वेळीं गुडघ्यास दुखापत झाली. वयाची तिशी उलटण्यापूर्वींच पहिल्या प्रतीचा खेळ संपला.

येथें वेल्सच्या एका खेळाडूची आठवण देणें अप्रस्तुत होणार नाहीं. केर्फिली गांवचा ॲरन रॅम्झी हाही मधल्या फळींतलाच. लंडनच्या आर्सेनल क्लबकडून खेळतांना २७ फेब्रुवारी २०१० रोजीं स्टोक येथील सामन्यांत त्याच्या पायाचीं दोन्ही हाडें मोडलीं. वय अवघें एकोणीस. पाहणाऱ्यांनीं मान फिरविली असा तो प्रसंग. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो पुन्हा मैदानावर उतरला, मार्च २०११ मध्यें वेल्सचा कर्णधार झाला, २०१४ व २०१७ सालीं इंग्लंडच्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत विजयाचा गोल त्याच्याच पायांतून आला. २०१६ सालीं वेल्स युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचलें तें मुख्यतः त्याच्या व गॅरेथ बेलच्या बळावर. हाड आणि गुडघा यांची तुलना सर्वस्वीं न्याय्य नव्हे. हाड सांधतें, गुडघ्याचें तसें नसतें. परंतु खरा भेद पायांत नसून पायांभोंवतीं उभ्या राहणाऱ्या माणसांत आहे. धंदेवाईक क्लबनें रॅम्झीच्या पायावर भांडवल गुंतविलें होतें, तेव्हां शस्त्रवैद्य, व्यायामतज्ज्ञ, उपचारगृह, आणि बरा होईतों पगार, हें सर्व त्याच्यामागें आपोआप उभें राहिलें. फ्रँको यांच्या काळच्या हौशी म्हणविणाऱ्या खेळाडूमागें काय होतें? गरम पाण्याचा शेक, पट्टी आणि विश्रांति.

शास्त्रही अर्ध्या वाटेवर होतें. गुडघ्यांत बारीक नळीची दुर्बीण घालून फाटलेली कूर्चा काढण्याची पहिली शस्त्रक्रिया तोकियोच्या मासाकी वातानाबे यांनीं केली, ती १९६२ सालींच, म्हणजे जकार्ता येथें भारत जिंकला त्याच वर्षीं. ती विद्या सर्वत्र पसरावयास पुढें दहा-पंधरा वर्षें लागलीं. तोंवर किती खेळाडूंचे गुडघे हकनाक वायां गेले असतील!

फ्रँको पुढें गोव्यास परतले. तेथील साळगांवकर संघाशीं त्यांचा संबंध राहिला आणि उर्वरित आयुष्य त्यांनीं आपल्या मुलुखांतच काढलें. आपल्या पराक्रमाचा डंका पिटीत फिरणाऱ्यांपैकीं ते नव्हते, आणि डंका पिटणारे दुसरेही फारसे मिळाले नाहींत. १९६२ चा विषय निघाला म्हणजे लोक बॅनर्जी, गोस्वामी, बलराम ह्या पुढच्या त्रयीचीं नांवें घेत, जर्नैल सिंगांच्या डोक्याची पट्टी आठवत. तें सर्व खरेंच आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं.

प्रदीपकुमार बॅनर्जी २० मार्च २०२० रोजीं वारले, चुनी गोस्वामी ३० एप्रिल २०२० रोजीं. वर्षभरानें करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, १० मे २०२१ रोजीं, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं फ्रँको यांचें गोव्यांत निधन झालें. त्या आठवड्यांत गोव्यांतील रुग्णालयांत प्राणवायूची चणचण होती आणि वर्तमानपत्रांचीं पानें मृतांच्या आंकड्यांनीं भरलेलीं होतीं. त्यांतच एका कोपऱ्यांत ही बातमी आली.