घरातली बंदूक, कमरेची बंदूक

घराच्या राखणीसाठी बंदूक घ्यायची झाली, तर छऱ्यांची घ्यावी की रायफल? कवीला विचारण्यासारखा हा प्रश्न नव्हे. पण आमच्या बीड जिल्ह्यात तो पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवातसुद्धा निघतो. आणि चार ओळी नीट लिहिता येणारा माणूस दिसला, की लोक त्याच्याकडून अर्जही लिहून घेतात. म्हणून आज त्यावरच बोलतो.

विचारणाऱ्याची भीती खोटी नसते, हे आधी मान्य करू या. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, की कितीतरी गावांत म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी मागं राहतात. शेतवस्तीवरचं घर एकटं, शेजार हाकेच्या पलीकडे. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा भरदिवसा शेतात जायला लोक धजत नव्हते. अशा घरात ‘हाताशी काहीतरी पाहिजे’ असं वाटणं साहजिक आहे.

आता प्रश्नाचं सरळ उत्तर. बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. काडतुसातले छर्रे बाहेर पडले की पसरत जातात आणि बारीक छऱ्यांचा जोर थोड्या अंतरातच ओसरतो. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारखे आटे असतात. त्यामुळं गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि फार दूर जाते. तुमच्या पत्र्याच्या भिंतीतून निघून ती शेजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोचू शकते. जाड छर्रेही पत्र्याला जुमानत नाहीत, पण रायफलीचा धोका कितीतरी लांबवर असतो. 1959 च्या शस्त्र कायद्यानंही हा फरक ओळखला आहे. रक्षणासाठी किमान 20 इंच नळीची गुळगुळीत बंदूक किंवा पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर कायदा तिचा विचार वेगळा करतो. इतर हत्यारांसाठी ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. तेव्हा निवड करायचीच तर घरासाठी बारा बोअर. कायदाही तेच सुचवतो आणि व्यवहारही.

पण श्रोते हो, बीडमध्ये खरी चर्चा या दोन्ही बंदुकांची नाही. ती आहे कमरेला लावायच्या पिस्तुलाची. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांना अमानुष मारहाण करून ठार करण्यात आलं. त्यानंतर साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष आमच्या जिल्ह्याकडं वळलं. तेव्हा जे आकडे छापून आले, त्यांत बीड जिल्ह्यात शस्त्रपरवाने बाराशेहून अधिक, तर शेजारच्या परभणीत अवघे 32 होते. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांची चित्रं मोबाईलवरून घरोघर गेली. पुढं 2025 मध्ये प्रशासनानं शंभराहून अधिक परवाने रद्द केले. परभणीच्या शेतवस्तीवर काय चोर येत नाहीत? तिथली रात्र काय कमी काळी असते? याचा अर्थ एवढाच, की आमच्याकडं मागितलेली प्रत्येक बंदूक घरासाठी नव्हती. काही चौकासाठी होत्या. चारचौघांत सदरा जरासा वर सरकावा आणि समोरच्यानं आवाज खाली आणावा, यासाठी होत्या. 2019 च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले, ते उगीच नाही.

माझ्या भाच्यानंही परवान्याचा विषय काढला. त्याची वस्ती गावापासून लांब आहे. “मामू, रात्री कुत्रं भुंकलं की अम्मी उठून बसती. मी काय करू, सांगा,” असं तो म्हणाला. त्याला मी कायदा वाचून दाखवला. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कायम आहे. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो बराच दूरवर जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही त्याची मर्यादा आहे. शेळी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर उद्या कोर्टात आरोपी तुम्ही असाल. आणि बिबट्या? जीव वाचवण्याची वेळ आली नसताना त्याला मारायचं, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

भाचा म्हणाला, “मग चोर येईपर्यंत ती कुठं ठेवायची?” खरा प्रश्न हाच होता. कुलपात ठेवली तर अर्ध्या झोपेत किल्ली सापडत नाही. उशाशी ठेवली तर लेकराचा हात आधी पोचतो. चोर वर्षातून एखाद्या रात्री येईल, न येईल. घरातला राग मात्र रोज घरातच असतो. कर्ज, नापिकी, भावकीचं भांडण, दारू पिऊन आलेला माणूस, जिवाला कंटाळलेलं मन, हे सगळं त्याच छपराखाली राहतं. मराठवाड्यानं आपल्या हातानं जीव दिलेले किती शेतकरी पाहिले, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अमेरिकेत 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला होता, आणि मारणारा बहुधा घरातला किंवा ओळखीचाच होता.

मी त्याला ‘घेऊ नको’ म्हणालो नाही. लेकरांचा बाप तो आहे. एवढंच म्हणालो, की आधी अंगणात दिवा लाव, दाराला आतून आडणा बसव, 112 क्रमांक अम्मीला पाठ करून दे, आणि पलीकडच्या तीन वस्त्यांशी ठरव की एकानं बॅटरी हलवली की चौघांनी आरडाओरडा करत यायचं. गावाचं ग्रामसुरक्षा दल थंडावलं असेल, तर सरपंचांना भेट. हे सगळं करूनही भीती उरली, तर बारा बोअरचा अर्ज मी स्वतः लिहून देईन. प्रशिक्षण मात्र त्यानं पुरं घ्यायचं.

अजून तरी त्यानं अर्ज मागितलेला नाही. पलीकडच्या वस्तीवरच्या लोकांनी मात्र बॅटऱ्या आणल्या आहेत.