कुंपण कोणासाठी?

(कामथडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजच्या विषयाची सुरुवात मी भोर-वेल्ह्यापासून न करता अमेरिकेतील टेक्सास राज्यापासून करणार आहे. तेथे रानडुकराची शिकार हा एक रीतसर धंदा आहे. शेकडो एकरांचे रान उंच जाळीने बंदिस्त करायचे, त्यात डुकरे राखायची आणि शहरातून आलेल्या हौशी माणसाकडून शुल्क घेऊन त्याला शिकार घडवायची. ज्याने आयुष्यात कधी बंदूक हाती धरलेली नाही, अशा नवशिक्याचीही तेथे सर्व सोय असते. वाटाड्या त्याला आडोशाच्या खोपीत बसवतो. समोरच्या यंत्रातून ठरल्या वेळी मका सांडतो आणि मक्याला सरावलेला कळप त्या वेळी हजर होतो. नेम कोठे धरायचा हेही वाटाड्याच सांगतो. गोळी सुटते, डुक्कर पडते, छायाचित्र निघते. यशाची जवळजवळ हमीच असते, कारण जनावराला निसटून जाण्याची वाट ठेवलेली नसते.

आता आपल्या शेतकऱ्याकडे पाहा. कुंपण त्याचेही आहे. परंतु ते डुकराला बाहेर ठेवण्यासाठी आहे आणि ते काटेरी फांद्यांचे व जुन्या लुगड्यांचे आहे. भात पोटरीत आले, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, की त्याची झोप संपते. दिवसभर राबलेला माणूस रात्री माळ्यावर बसून डबा वाजवतो. कळप जेवढे खातो त्याहून अधिक तुडवतो, आणि एका रात्रीत खाचर आडवे होते. या माणसाचीही रानडुकराशी पहिली गाठ कधीतरी पडतेच; पण ती अंधारात, हातात बंदूक नसताना. सुळ्यांचा वार बसला तर मांडी फाटते. एकाच जनावराशी पडलेल्या या दोन गाठी आहेत. एक विकत घेतलेली, दुसरी गळ्यात पडलेली.

शिकारीचा इतिहास हा आपल्याकडेही सत्तेचाच इतिहास आहे. घोड्यावरून भाला मारून रानडुक्कर लोळवणे हा इंग्रज अधिकाऱ्यांचा आवडता खेळ होता. बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १८८९ साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याच राजवटीने १८७८ च्या कायद्याने सामान्य रयतेच्या हातातील शस्त्र काढून घेतले. फासे व जाळी लावून जनावर धरण्याची विद्या ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या पारध्यांच्या कपाळी गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. साहेबाची शिकार हा मर्दानी खेळ आणि गरिबाची शिकार हा गुन्हा, असा हा न्याय होता.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. संस्थानिकांच्या आणि हौशी शिकाऱ्यांच्या बंदुकांना त्याने आवर घातला, हे त्याचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. उभ्या पिकाला धोका करणारे रानडुक्कर मारण्यास लेखी परवानगी देण्याची तरतूदही त्याच्या अकराव्या कलमात आहे. परंतु परवानगी देणारा अधिकारी दूर बसतो, आणि कागद हाती आला तरी परवान्याची बंदूक गावात किती जणांकडे असते? शिवाय असे मारलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते. मेलेले डुक्कर सरकारचे. जिवंत डुकराने केलेले नुकसान मात्र शेतकऱ्याचे!

या कोंडीतून दोन घातक वाटा फुटतात. पहिली निराशेची: तारेत घरातली वीज सोडणे किंवा फासे लावणे. त्या तारेला शेजारचा शेतकरी, गुराखी किंवा गाय चिकटते. फाशात बिबट्या अडकतो. आपल्या कार्यकर्त्याने या वाटेला कधीही मूक संमती देऊ नये. दुसरी वाट पैशाची: कोणी म्हणेल, पैसे देणाऱ्या हौशी शिकाऱ्यांना बोलवा, गावालाही उत्पन्न होईल. अमेरिकेचाच अनुभव याविरुद्ध आहे. टेक्सासची रानटी डुकरे ही मुळात युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेल्या पाळीव डुकरांची संतती. पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी तेथे युरोपातील रानडुकरेही सोडण्यात आली. मिसूरी राज्याच्या संवर्धन विभागाने २०१६ साली आपल्या ताब्यातील जमिनीवर डुकरांची शिकार बंद केली. हौशी गोळीबाराने कळप फुटून पसरतात आणि शिकारीच्या लोभाने लोक नव्या ठिकाणी डुकरे सोडतात, असा तेथील अनुभव होता. उपद्रवाची बाजारपेठ झाली, की उपद्रव टिकवण्यातच हितसंबंध तयार होतात.

आणि कुंपणाचा धंदा आपल्या दारातही येऊन पोचलेला आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील वरकस जमिनी पुण्या-मुंबईच्या पैशाने विकत घेतल्या जात आहेत. त्यांना तारेची कुंपणे पडतात, आत नाचणी-वरी पिकत नाही, घाणेरी माजते. असे पडीक रान म्हणजे कळपाला दिवसा दडायला आयती जागा. मालक शहरात राहतो, आणि राखण खालच्या खाचरवाल्याने करायची!

मग आपली मागणी काय असावी? केरळ सरकारने मे २०२२ मध्ये उपद्रवी रानडुकरे मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. त्याचबरोबर विष, स्फोटके आणि वीज यांना मनाई केली. निर्णय गावात आणि पद्धतीवर बंधन, हे सूत्र आपणही स्वीकारावे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीही लोकांना विश्वासात घेऊन नियंत्रित शिकारीस मुभा देण्याची भूमिका वर्षानुवर्षे मांडली. त्याजोडीला सुरक्षित सौरकुंपण एकेका शेताला नव्हे तर सबंध शिवाराला सरकारी खर्चाने मिळावे, आणि पडीक ठेवलेल्या जमिनीची जबाबदारी तिच्या मालकावर यावी. नुकसानीचा पंचनामा ग्रामसभेसमोर व्हावा, आणि भरपाईच्या हिशेबात राखणीच्या रात्रींची मजुरीही धरली जावी.

मित्रहो, रानडुकराशी आपले वैर नाही. ते या डोंगराचे जुने रहिवासी आहे आणि बिबट्याचे भक्ष्यही आहे. आपला झगडा आहे तो वन्यजीव रक्षणाचा सारा खर्च सर्वांत गरीब शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्या व्यवस्थेशी. येत्या ग्रामसभेत हा प्रश्न विषयपत्रिकेवर आलाच पाहिजे. तोवर प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील नुकसानीची तारीखवार नोंद वहीत करावी. नोंदीवाचून केलेली तक्रार कचेरीत टिकत नाही, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे.