जोडा शिवावा की नवा घ्यावा?

श्रोतेहो, कचेरीतले एखादे काम लवकर झाले नाही, की आपण म्हणतो, ‘जोडे झिजले हो माझे!’ जोडे झिजल्याची तक्रार आपण सगळेच करतो. पण झिजलेल्या जोड्याचे पुढे काय करावे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. कोणी तो शिवून, चिकटवून, खिळे ठोकून इतके दिवस ओढतो की शेवटी पायच जायबंदी होतो. दुसरा एखादा टाका उसवला की जोडा उकिरड्यावर फेकून नवा आणायला बाजाराची वाट धरतो. पहिल्याचे पाय जातात, दुसऱ्याचे पैसे जातात. या दोहोंच्या मधली शहाणपणाची वाट कोणती, ते आज पाहू.

माझीच फजिती आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी राजगडावर गेलो होतो. डोंगरात चालण्याचे माझे जाड बूट तीन-चार वर्षे कपाटात जपून ठेवले होते. वरून पाहावे तर अगदी नव्यासारखे. गुंजवणे गावाकडून चोरदरवाजाच्या वाटेने गड चढलो. उतरताना मात्र उजव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबू लागला आणि थोड्याच वेळात डाव्यानेही तेच केले. तळ नाडीने पायाला बांधून, विद्यार्थ्यांच्या खांद्याचा आधार घेत, हे गुरुजी कसेबसे खाली आले. त्या अवघड उतारावर पाय घसरला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

गावी परतल्यावर बूट जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे नेले. त्यांनी तळ बोटांनी चुरला, तर पेंडीसारखा भुगा हातात आला. ते म्हणाले, “जोडा जित्ता हाय, सर. तळ मेला. याच्यात टाका धरन कुठं?”

श्रोतेहो, आजच्या माझ्या भाषणाचे सार या कारागिराने एका वाक्यात सांगून टाकले. जोड्याचा कोणता भाग मेला आणि कोणता जिवंत आहे, हे आधी पाहावे.

तळ न वापरता मेला कसा, असे तुम्ही विचाराल. पुष्कळ हलक्या बुटांचा तळ पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ पदार्थाचा असतो. हवेतील दमटपणामुळे तो हळूहळू विरत जातो, आणि कपाटात बंद राहिला तरी विरायचे थांबत नाही. तेव्हा जुना बूट लांबच्या वाटेवर नेण्यापूर्वी घरीच वाकवून, दाबून पाहावा आणि दोन दिवस अंगणात घालून हिंडावे. त्या कारागिरांनी सारा भुगा रापीने खरवडून काढला, रबराचा नवा तळ बसवला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने भोवताली शिवून दिला. ते बूट मी पुढे दोन पावसाळे वापरले.

आता जोडा पारखायचा कसा, ते पाहू. टाका उसवला असेल, तळाची कड सुटली असेल, टाच एका बाजूने झिजली असेल, तर दुरुस्ती करावी. आणि ती लवकर करावी. एका बाजूने झिजलेल्या टाचेवर पाय वाकडा पडतो आणि घोटा-गुडघा दुखू लागतो. पण बोटांपाशी जिथे जोडा रोज मुडपतो, तिथले चामडे आरपार तडकले असेल, किंवा टाचेला धरून ठेवणारा मागचा कडक भाग मोडून पिचपिचीत झाला असेल, तर मात्र त्याचा मोह सोडावा. त्या जागी ठिगळ टिकत नाही आणि ठिगळाची कड पायाला चावते.

तळावरच्या खाचा गुळगुळीत झाल्या आहेत का, तेही पाहावे. या खाचा शोभेसाठी नसतात. इटलीच्या आल्प्स पर्वतात १९३५ साली विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. पायांतली पादत्राणे त्या ठिकाणाला योग्य नव्हती, हे त्याच्या मनाला लागून राहिले. त्यातूनच १९३७ साली त्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. आज जगभर डोंगरातल्या बुटांना त्याच धर्तीचे तळ असतात. आपल्याकडे आल्प्स नाही; पण पावसाळ्यातला ओला धुरा आहे, शेवाळलेला नाला आहे, विहिरीची पायरी आहे. पाय मोडायला तेवढे पुरे.

मग पैशाचा हिशेब. समजा, नवा जोड अडीच हजारांना मिळतो आणि अडीच वर्षे टिकतो. म्हणजे वर्षाला एक हजार रुपये पडले. जुन्याला सहाशे रुपयांत नवा तळ बसला आणि तो दीड वर्ष चालला, तर वर्षाला चारशे. अशा वेळी दुरुस्तीच बरी. पण दर आठवड्याला पन्नास रुपये देऊन तोच तळ पुन्हा पुन्हा चिकटवून आणीत असाल, तर तुम्ही नवा जोडा विकत घेतच आहात. फक्त तो पायात येत नाही!

आता श्रोतेहो, पैशाचा हिशेब जिथे लागूच करू नये, अशी एक जागा सांगतो. ती म्हणजे फवारणी. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. त्यांतले कित्येक घरी परतले नाहीत. त्याची कारणे अनेक होती आणि नुसत्या बुटांनी ते सारे वाचले असते, असे मी म्हणत नाही. तोंडावर मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा हे सारेच पाळावे लागते. पण विष कातडीतूनही शरीरात भिनते, हे विसरू नये. कीटकनाशकांसंबंधीच्या १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याच्या संरक्षक पोशाखात बुटांचाही समावेश आहे.

म्हणून फवारणीला रबरी गमबूट घालावा आणि पायजमा बुटाच्या बाहेर सोडावा, म्हणजे ओघळ आत शिरत नाही. काम संपल्यावर बूट धुवावा. तो तडकला असेल तर ठिगळ लावू नये. फवारणीसाठी तो बाद झाला. चामड्याचा जोडा फवारणीला वापरूच नये. चामडे औषध शोषून घेते, ते धुऊन निघत नाही, आणि पुढे रोज तेच विष पायाला लागत राहते. असा जोडा कितीही मजबूत दिसला तरी टाकून द्यावा.

इथे शेतमालकांना एक नम्रपणे सांगायचे आहे. पूर्वी सालदार ठेवताना पुष्कळ ठिकाणी धान्य-कपड्यांबरोबर जोडाही ठरत असे. आज फवारणीला रोजाने मजूर येतो, आणि कधी कधी आपण तडकलेला गमबूट काढून त्याच्या पुढे करतो. जो बूट आपल्या पोराच्या पायात घालवणार नाही, तो मजुराच्या पायात घालू नये. नवा गमबूट दवाखान्याच्या एका खेपेपेक्षा स्वस्त पडतो.

रातच्या ओलितालाही हीच गोष्ट. सर्पदंश बहुतेक पायालाच होतो. घोट्याच्या वर येणारा धडका बूट आणि हातात बॅटरी, एवढे तरी असावेच. बूट पायात घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा. आत विंचूही बसलेला असतो.

नवा जोडा आणला म्हणून जुना लगेच टाकावा, असेही नाही. रानात न चालणारा जोडा अंगणात चालतो. आणि जोडा टिकवणे तर आपल्याच हाती आहे. आपल्या काळ्या मातीचा चिखल वाळून चामड्यावर आवळला की चामडे तडकते. तो ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसावा. भिजलेला जोडा चुलीपाशी ठेवू नये. आत जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा आणि मग किंचित तेलाचा हात फिरवावा.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वहाणा करण्याची विद्या हौसेने शिकून घेतली होती. १९१४ साली त्यांनी आपल्या हातच्या वहाणा, ज्यांच्याशी लढा दिला त्या जनरल स्मट्स यांना भेट दिल्या. स्मट्स यांनी त्या अनेक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ साली ती गोष्ट आदराने लिहूनही ठेवली. ज्या कामाची गांधीजींना लाज वाटली नाही, ते काम करणारा माणूस आपल्या गावात झाडाखाली बसलेला असतो. त्याला एक दिवस शाळेत पाहुणा म्हणून बोलवा. त्याची आरी, रापी आणि लोखंडी तिपाई मुलांना पाहू द्या. मुलांनी आपापले जोडे आणावेत आणि कोणता जिवंत, कोणता मेला, हे त्याने पारखून दाखवावे. पदवी घेऊनही मला जे राजगडच्या उतारावर कळले, ते मुलांना शाळेच्या ओसरीवरच कळेल.

आज सांजेला घरी पोचलात की दारातले जोडे एकदा उलटे करून पाहा. आपले पाहा, आणि आपल्या शेतात राबणाऱ्याचेही पाहा.