राजदूतची चाकं



वर्गात माझा आवाज कधी निघाला नाही. आज माईक हातात दिलाय, तर माझ्या गाडीवरच बोलतो.

राजदूत ३५० आपल्याकडे १९८३ मध्ये आली. जपानी यामाहा आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या वाट्याला ड्रम आला. गाडी पळायची जोरात, थांबायची मात्र तिच्या सवडीने! म्हणून मी पुढे डिस्कवालं चाक बसवलं. त्यासाठी फोर्क, एक्सल सगळंच जुळवावं लागलं, पण तो खर्च मला आजही पटतो.

मागे मात्र निव्वळ हौसेने रुंद टायर चढवला. अरुंद रिमवर तो चिमटल्यासारखा बसतो, मधोमध उंचवटा येतो आणि वळणावर गाडी हट्टीपणा करते. वर चेनला घासायचा. महिन्याभरात उतरवला, माळ्यावरचा जुना ३.५०-१८ परत घातला.

तिथे चुकलो. टायर गोटा झालेला नव्हता, नक्षी शाबूत होती, म्हणून वय पाहिलं नाही. पहिल्याच पावसात, मुलगा मागे बसलेला असताना, वळणावर चाक निसटलं. दोघांचेही गुडघे फुटले, तेवढ्यावर निभावलं. घरी येऊन टायरच्या कडेचे चार आकडे वाचले: २३०८. म्हणजे २००८ सालचा तेविसावा आठवडा. तेरा वर्षांचा टायर! रबरात नख रुतेना.

आता दोन्ही टायर नवे आहेत, मूळ मापाचे. स्पोकच्या मागच्या चाकाला ट्यूब लागते, तीही नवी. मुलगा अजून मागे बसतो, आईला विचारून.

बाहेर तुमच्याही दोन-तीन जुन्या गाड्या दिसल्या. चहाच्या वेळी वाकून ते चार आकडे वाचू या. टॉर्च माझ्याकडे आहे.