नफा, नीती आणि सामाजिक उत्तरदायित्व



व्यवसाय कशासाठी, या प्रश्नाचे सर्वात सोपे उत्तर ‘नफ्यासाठी’ असे आहे आणि ते चुकीचे नाही. नफा नसेल तर कामगारांचे वेतन, बँकेचा हप्ता व सरकारचा कर यांपैकी काहीच वेळेवर चुकते होत नाही. नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय, असे प्रतिपादन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये केले. मात्र हा नफा फसवणुकीवाचून, खुल्या स्पर्धेचे नियम पाळून मिळविलेला असावा, अशी अट त्यांनीही घातली होती. त्यांचे नाव घेणाऱ्यांना ही अट बहुधा आठवत नाही.

आपल्या देशाने एक पाऊल पुढे टाकले. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ दि. १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान २ टक्के भाग समाजकार्यासाठी खर्च करावयाचा असतो. कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील कार्यांत भूकनिवारण, आरोग्य, शिक्षण व प्राणिकल्याण यांचा समावेश आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानाशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे.

परंतु २ टक्क्यांचे दान उरलेल्या ९८ टक्क्यांचे पाप धुऊन काढू शकत नाही. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण बोलके आहे. कंपनीच्या संस्थापकांनी ग्रामविकासाचे कार्य उभारले. २००५ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. त्या सेवेने असंख्य प्राण वाचविले, हे निर्विवाद आहे. तथापि ७ जानेवारी २००९ रोजी त्यांनीच हिशेब अनेक वर्षे फुगविल्याची लेखी कबुली दिली. भागधारकांची पुंजी बुडाली आणि हजारो कर्मचारी चिंताग्रस्त झाले. सेवा खरी होती, पण वही खोटी होती.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. दुसऱ्यास चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडणे, खोटी मापे वापरणे आणि मालात भेसळ करणे, असे ते पाच होत. हे सर्व दोष थेट बाजारपेठेतील आहेत. याचा अर्थ, श्रावकाची कसोटी प्रथम दुकानात लागते.

आपल्या समाजातील बहुसंख्य व्यापाऱ्यांना कलम १३५ लागू होत नाही. म्हणून त्यांचे उत्तरदायित्व संपत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. लहान पुरवठादाराचे पैसे सहा-सहा महिने अडकवून त्याच काळात संस्थेस देणगी देणारा व्यापारी वस्तुतः कोणाचे धन दान करतो? संगमरवरी शिलेवर नाव त्याचे कोरले जाते, व्याज मात्र त्या पुरवठादाराच्या घरातून जाते.

म्हणून क्रम असा असावा: प्रथम शुद्ध माप व खरी वही, नंतर कामगार व पुरवठादार यांचे देणे, आणि मग दान. या क्रमाने आलेली देणगी लहान असली तरी संस्थेने ती मोठ्या आदराने स्वीकारावी.

जय जिनेंद्र!